पश्चिमेची भिंत

देवकुळे साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि भिंतीत खुपसलं. सिमेंटचा पोपडा पडून तिथे हातभर जागा उघडी झाली होती आणि आतल्या कारवीच्या काड्या काळ्या, ओलसर दिसत होत्या. पेन टोपणापर्यंत आत गेलं. साहेबांनी ते बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. त्याला उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखा भुसा चिकटला होता.

"बघा, खैरनार," ते म्हणाले. "ही तुमची पर्यावरणपूरक भिंत."

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, तालुक्याच्या बांधकाम विभागात कंत्राटी कनिष्ठ अभियंता. देवकुळे माझे वरिष्ठ. आणि आम्ही उभे होतो ती उंबरमाळची अंगणवाडी. उंबरमाळ म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची चाळीस घरांची ठाकरवाडी. तिथे जीप कशीबशी चढायची, पण विटांचा ट्रक चढत नसे. म्हणून मीच प्रस्ताव दिला होता, की वाडीतले लोक स्वतःची घरं बांधतात तशीच अंगणवाडी बांधू. खांब ऐनाचे, वासे बांबूचे, वर कौलं आणि भिंती कारवीच्या.

कारवी हे आमच्या डोंगरउतारावर माजणारं झुडूप. सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा करून फुलतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं. त्या वाळल्या काड्या एकीला एक लावून बांबूच्या कांबींना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या, की झाला कुड. दोन वर्षांपूर्वी कारवी फुलून गेली होती. वाडीने काड्या कापून आणल्या, एका महिन्यात अंगणवाडी उभी राहिली आणि मी जिल्ह्याच्या बैठकीत तिचे फोटो दाखवून टाळ्याही घेतल्या.

आणि गेल्या महिन्यात, जानेवारीत, पश्चिमेच्या, म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीचा सिमेंटचा मोठा पोपडा भर दिवसा खाली आला होता. मुलं तेव्हा मागच्या बाजूला खिचडी खात बसली होती म्हणून कुणाला लागलं नाही.

"अहवाल टाईप करून आणलाय," साहेब म्हणाले. बॅगेतून त्यांनी दोन कागद काढले. "कारवी हे नाशवंत साहित्य असल्याने कुजून भिंत धोकादायक झाली. इमारत पाडावी. अंगणवाडी पाडळीच्या पक्क्या इमारतीत विलीन करावी. तुम्ही फक्त सही करा. तुमचं नाव कुठेही अडकत नाही, मी बघितलंय."

ते खोटं बोलत नव्हते. देवकुळे वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. निवृत्तीला चार वर्षं राहिलेला, गुडघे दुखणारा, सगळ्यांचं भलं व्हावं आणि कुणाचं काही नोंदलं जाऊ नये असं वाटणारा माणूस होता तो.

दाराशी लीलाताई मेंगाळ उभी होती. ती या अंगणवाडीची सेविका. तिच्या मागे जमिनीवर अठरा मुलं बसली होती, पाटीवर काहीतरी गिरवत. तिने सगळं ऐकलं होतं.

"साहेब, पाडळी खाली तीन किलोमीटर हाय," ती म्हणाली. "मधी ओढा. आधी तिथंच व्हती आमची अंगणवाडी. सहा वर्षांत वाडीतलं एक पोर गेलं नाय. तीन वर्षांचं लेकरू कसं जाईल? खिचडी तिथं शिजायची आन् पोरं इथं उपाशी. वजनाचं रजिस्टर दावते, थांबा."

"रजिस्टर नको, बाई. नियम आहे."

मी मूग गिळून बसले होते. त्याला कारण होतं आणि ते कारण त्या वेळी त्या जागेवर तिघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरे देवकुळे साहेब. तिसरी बुधीबाई, जी तेवढ्यात डोक्यावर घमेलं घेऊन वळणावरून येताना दिसली.

बुधीबाई आगिवले वाडीतली कुडाची कारागीर. साठीची असेल, अंगाने काडीच. वाडीतलं कुठलंही घर तिच्या हाताशिवाय लिंपलं जात नसे. ती सगळ्यांना अरेतुरे करायची, देवालाही. अंगणवाडीच्या चारही भिंती तिने आणि तिच्यासोबतच्या बायकांनी बांधल्या होत्या. बांधून झाल्यावर देवकुळे साहेबांचा मला फोन आला होता. "रस्त्याकडची एक भिंत तरी पक्की दिसू द्या हो. उद्या कुणी मोठा अधिकारी आला तर त्याला काय कुडाची झोपडी दाखवायची?" मला ते पटलं नव्हतं. पण मी वाद घातला नाही, उलट लगेच आदेश काढला. पश्चिमेच्या भिंतीची शेणमाती खरवडा, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती जाळी दोन्ही बाजूंनी ठोका, वरून सिमेंटचा गिलावा करा. खाली सही, सुनेत्रा खैरनार.

तेव्हा बुधीबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. "असं नको करू, पोरी. कुडाला वारा लागतो. पावसात त्यो ओल घेतो आन् उन्हात सोडतो. कोंडलास तर कुजल."

आणि मी, नुकती चार बुकं शिकलेली, तिला म्हणाले होते, "आजी, मी इंजिनिअर आहे."

ती बाजूला झाली होती. एक पावसाळा गेला आणि आता देवकुळे साहेबांचं पेन भिंतीत टोपणापर्यंत जात होतं.

बुधीबाईने घमेलं खाली ठेवलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाडाया आले का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"कारवी कुजली म्हून?"

  माझा आदेश, तिने दिलेला इशारा, त्यातलं काही तिने साहेबांसमोर काढलं नाही. नुसती उभी राहिली आणि मी काय करते ते बघत राहिली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

साहेबांनी पेन रुमालाला पुसून माझ्यापुढे धरलं. "करा सही. उन्हं चढायच्या आत खाली उतरू."

"लीलाताई, कुदळ आहे का?" मी विचारलं.

"कशाला हवी कुदळ?" साहेब म्हणाले.

"अहवालात लिहिलंय कारवी कुजली. सही करायच्या आधी बघते तरी."

लीलाताईने मुलांना अंगणातल्या उंबराखाली नेऊन बसवलं आणि कुदळ आणून दिली. मी आधी उत्तरेच्या भिंतीकडे गेले. ती भिंत शेणमातीची होती, बुधीबाईच्या हातची. मी तिच्याकडे पाहून विचारलं, "फोडू का?"

"फोड."

मी वीतभर लिंपण काढलं. आतल्या काड्या पिवळ्या होत्या. नखाने वाजवल्या तर टणटण वाजत होत्या. "साहेब, पेन घाला," मी म्हणाले.

"खैरनार, हे काय चाललंय?"

"घाला तर."

त्यांनी घातलं नाही. मग मीच माझं पेन घेऊन टोचलं. निब वाकली. दक्षिणेच्या भिंतीचं तसंच, पूर्वेच्या भिंतीचं तसंच. तिन्ही ठिकाणी तीच कारवी होती, त्याच डोंगरावरची, एकाच आठवड्यात कापलेली. तिन्ही ठिकाणी तोच पाऊस पडला होता.

"पश्चिमेला पाऊस जास्त मारतो," साहेब म्हणाले.

"इथं पाऊस दक्षिणेकडून मारतो, सायबा," बुधीबाई म्हणाली. "इचार कुणालाबी."

मी परत पश्चिमेच्या भिंतीपाशी आले आणि कुदळ उगारली, तेव्हा बुधीबाईने माझा हात धरला.

"आंधी गाठ सोड," ती म्हणाली. "आमच्या वाडीत ज्यानं कुड बांधला त्यानंच त्याची पयली गाठ सोडायची. दुसऱ्यानं सोडली तर त्याला घर फोडनं म्हनतात. मी बांधलेला कुड तू खरवडलास. ह्यो आता तुझा हाय."

जाळी तारेने आवळलेली होती. कोपऱ्यातली तार मी जीपमधल्या पक्कडीने उलगडली. बोटाला टोक लागून रक्त आलं. तार सुटली तशी जाळी सैल झाली आणि तिच्यासकट सिमेंटचा पुरुषभर उंचीचा तक्ता हळूच पुढे झुकला. आम्ही सगळे मागे सरलो. तो आडवा होऊन धुळीत पडला. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. फेब्रुवारीचं ऊन होतं, पाऊस जाऊन चार महिने झाले होते आणि सिमेंटच्या पाठीला घाम होता.

 साहेब वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि त्यांनी त्या ओल्या पाठीवरून बोट फिरवलं. इंजिनिअर होते ते, तीस वर्षांच्या अनुभवाचे. त्यांना सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे दोष गिलाव्याचा," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले.

"आणि गिलाव्याचा आदेश माझा. अहवालात कारवीला कशाला अडकवता? हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं."

त्यांनी मला बाजूला घेतलं. "खैरनार, ऐका माझं. स्वतःची चूक सरकारी कागदावर लिहून देणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही. तुमचं कंत्राट मार्चला संपतंय. असं लिहून दिलंत तर पुढचं मिळणार नाही, मी मध्ये पडलो तरी. एका वाडीसाठी?"

"तुम्ही मध्ये पडूच नका, साहेब."

"आणि आदेश कुणाच्या सांगण्यावरून..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"माझी सही आहे, मी माझंच लिहीन. तुम्ही सांगितलंत, पण बांधायला मी लावलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं."

 साहेब एकदम कडक झाले, जसा माणूस वितळायला लागल्यावर होतो. "लिहायचं ते लिहा. पण आज मला इथे तीन भिंतींची इमारत दिसतेय. पोरं बसलेली असताना वरचं काही खाली आलं तर जबाबदार कोण? धोकादायक म्हणून सील करावंच लागेल. तुम्ही दुरुस्तीचा प्रस्ताव टाका, मंजुरी येईल तेव्हा येईल."

मंजुरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पाऊस येईपर्यंत मंजुरी येणार नाही आणि पावसात चौथी भिंत नसलेली इमारत टिकणार नाही. म्हणजे पाडळीच.

"सायबा, तू जेवलास का?" बुधीबाईने विचारलं.

"नाही अजून."

"मंग जेव. लीले, सायबाला भाकर घाल. त्याचं जेवण, पान, सुपारी व्हईतवर भिंत उभी करते."

"मस्करी करताय का बाई?"

"मस्करी करायला तू माझा मेव्हना हाय का?"

लीलाताई फस्सकन हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर घेतला. साहेबही हसले असतील, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

बुधीबाईने वाडीकडे तोंड करून हाक दिली. त्या वाडीत एक हाक पुरते. पाच मिनिटांत सात-आठ बायका आणि चार पुरुष आले. प्रत्येकाच्या घरात आढ्याखाली कारवीची मोळी असते, अडीअडचणीला ठेवलेली. त्या मोळ्या खाली उतरल्या. पुरुषांनी कुजका कुड उपसून अंगणाबाहेर टाकला. बायकांनी बांबूच्या नव्या कांबी खांबांना आडव्या बांधल्या, पळसाच्या मुळ्यांपासून काढलेल्या वाखाच्या दोरीने, आणि मग काड्या उभ्या करायला लागल्या. दोघी आतून, दोघी बाहेरून. आतली वाखाचं टोक काड्यांमधून बाहेर देते, बाहेरची ओढून परत आत देते. बोलणं नाही. फक्त वाख ओढल्याचा आवाज आणि मधूनच एखादीचं "आवळ" असं म्हणणं.

साहेबांच्या पुढ्यात नाचणीची भाकरी आणि ठेचा आला होता. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट हातात घेऊनच भिंतीजवळ आले.

"खालून जमिनीची ओल चढते तिचं काय करता?" त्यांनी विचारलं.

"काडी जमिनीला टेकतच नाय," बुधीबाई म्हणाली. तिने खालची हातभर उंच दगडांची ओळ दाखवली. "दगडावर उभी ऱ्हाते."

"वाळवी?"

"फुलून मेलेली काडी वाळवी खात नाय लवकर. हिरवी तोडली तर खाते. म्हून तर आठ वरीस वाट बघायची."

"आणि अशी भिंत टिकते किती? कागदावर आयुष्य लिहावं लागतं."

बुधीबाईने वाख दातात धरून गाठ मारली, मग म्हणाली, "तुझी नोकरी किती ऱ्हायली?"

"चार वर्षं."

"मंग लिही, सायबापरीस जास्ती."

या वेळी साहेब उघड हसले. मग म्हणाले, "पण बाई, आठ वर्षांनी परत बांधायचीच ना? पक्की भिंत चाळीस वर्षं बघायला नको."

"ती पडली तं कोन बांधतो?" ती म्हणाली. "तुला कागद लागतो, गाडी लागती, मुंबईस्नं सिमेट लागतो. ही पडली तं मी हाय. मी मेले तं ह्या हायेत." तिने काड्या धरलेल्या बायकांकडे हनुवटीने खूण केली आणि पुन्हा कामाला लागली.

दोन वाजेपर्यंत काड्यांची भिंत वाशांपर्यंत पोचली. लिंपायला चिखल लागतो आणि तो चिखल तीन-चार दिवस शेण, भाताचा तूस घालून मुरवावा लागतो. मी ते विसरले होते. बुधीबाई विसरली नव्हती. तिच्या स्वतःच्या घराची मागची भिंत या आठवड्यात लिंपायची होती, म्हणून तिच्या अंगणातल्या खड्ड्यात चिखल मुरत पडला होता. सकाळी डोक्यावरच्या घमेल्यात तोच होता.

"तुझ्या घराचं काय?" मी विचारलं.

"घराला काय घाई हाय? घराची का तपासनी हाय?"

घमेली येऊ लागली. साहेबांच्या अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी उभ्या उभ्या लिहिलं. पश्चिमेच्या भिंतीचं नुकसान कारवीमुळे झालेलं नाही. कुडावर सिमेंटचा गिलावा करण्याचा माझा आदेश चुकीचा होता, स्थानिक कारागिरांनी दिलेला इशारा मी डावलला. भिंत आज ग्रामस्थांनी मूळ पद्धतीने पुन्हा बांधली असून इमारत वापरण्यास योग्य आहे. खाली सही केली. निब वाकलेली होती म्हणून साहेबांचंच पेन मागून घेतलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "माझं नाव नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी कागद घडी करून बॅगेत ठेवला, लीलाताईला नमस्कार केला आणि जीपकडे गेले. "येताय ना?"

"मी संध्याकाळच्या एसटीने येते."

फाइलचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण त्यात फार काही नाही. साहेबांनी माझा कागद जसाच्या तसा वर पाठवला. सील लागलं नाही, विलीनीकरण झालं नाही. मार्चअखेर माझं कंत्राट संपलं आणि नव्या यादीत माझं नाव नव्हतं. उंबरमाळची अंगणवाडी आजही उंबरमाळलाच भरते. मधल्या काळात कारवी दोनदा फुलली आणि दोन्ही वेळा भिंती बदलल्या.

पण त्या दुपारी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. नोकरी जाणार एवढं मात्र नक्की ठाऊक होतं. जीपची धूळ खाली बसली. मुलं उंबराखालून उठून आत आली होती आणि लिंपायच्या राहिलेल्या काड्यांच्या फटींतून बाहेर बघत होती. अंगणाबाहेर दोन ढीग होते. एक कुजक्या कुडाचा, वाडीतले पुरुष त्याला डोक्यावरून शेताकडे नेत होते, राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यायला. दुसरा सिमेंटचा आणि जाळीचा. तो कुठे न्यायचा हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून तो तसाच पडून होता.

मी बाह्या सारल्या, घमेल्यातून चिखल घेतला आणि भिंतीवर थापला. हाताने गुळगुळीत केला. आणखी थापला. बरा दिसत होता.

बुधीबाई शेजारी येऊन उभी राहिली. "काय करू राह्यली?"

"लिंपतेय."

"सायब गेला तुला सोडून. उंद्यापास्नं कामाला जायची का नाय तू?"

"मार्चपर्यंत जाईन. मग बहुतेक नाही."

"मंग काय करशील?"

"माहीत नाही. तू शिकवलंस तर हे करीन."

तिने माझं लिंपण नीट पाहिलं. मग तळहाताच्या कडेने ते सगळं खरवडून काढलं आणि परत घमेल्यात टाकलं.

"केवढं जाड लावलंस," ती म्हणाली. "तुझा हात अजून सिमेटचा हाय. भिंतीला हात लावायचा नाय आत्ताच."

"मग?"

"चल माझ्या आंगनात. आंधी चिखल तुडव."

मी चपला काढल्या आणि तिच्या मागोमाग निघाले.